वाऱ्याने पत्रे नेले, इंग्रजीने भरपाई

वळीव सीमाभागाला नवा नाही. एप्रिल-मे महिन्यात दुपार कलताना आभाळ काळे होते, वारा सुटतो आणि अर्ध्या तासात दुकानांचे, गिरण्यांचे, गोदामांचे पत्रे शेजारच्या शेतात जाऊन पडतात. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा तिकडे झाडे आणि विजेचे खांब उन्मळून पडल्याचे आपण सर्वांनी वाचले. असे नुकसान डोळ्यांना दिसते. गावकरी धावून येतात, पत्रे गोळा करतात, ताडपत्री टाकतात. दुसरे नुकसान मात्र दोन-तीन महिन्यांनी, पंख्याखाली बसून, कागदावर होते. त्या वेळी कोणीही धावून येत नाही, कारण ते झाल्याचे नुकसान झालेल्यालाच कळलेले नसते.

खानापूर तालुक्यातील एका खेड्यात चुरमुऱ्याची भट्टी चालविणारे एक गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. निवृत्त शिक्षक म्हणून गावात अर्ज-विनंत्या लिहून देण्याचे काम माझ्याकडे आपसूकच येते. एका वळिवात त्यांच्या भट्टीचे निम्मे छप्पर उडाले. आत रचलेली भाताची आणि चुरमुऱ्याची पोती रात्रभर भिजली. वहीप्रमाणे नुकसान २ लाख ९० हजारांचे होते. विमा उतरविलेला होता. म्हणजे बँकेने कर्ज देताना तो उतरवून घेतला होता आणि हप्ता दरवर्षी खात्यातून परस्पर वळता होत होता. पॉलिसीचा कागद मात्र बँकेच्या कपाटात. त्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता.

आठव्या दिवशी सर्व्हेअर आला. त्याने विचारले, "पत्रे जुने आहेत काय?" यांनी सरळपणे सांगितले, "जुने आहेत, पण गळत नव्हते." त्याने इंग्रजीत चार ओळी लिहिल्या आणि खाली सही घेतली. पुढे खात्यावर ८४ हजार रुपये जमा झाले. त्याआधी आणखी एका इंग्रजी कागदावर सही झाली होती. माझ्याकडे ते आले, तेव्हा वादळाला दीड वर्ष आणि पैसे मिळाल्याला चौदा महिने उलटले होते. कागद वाचला आणि मी सुन्न झालो. जबाबात लिहिले होते, पत्रे जुने व गंजलेले असून पावसात पाणी येत असे! त्यामुळे भिजलेला सगळा माल 'गळतीचे पाणी' म्हणून वगळला गेला. दुसऱ्या कागदावर 'संपूर्ण व अंतिम भरपाई मिळाली, तक्रार नाही' असा मजकूर होता. मी विचारले, "सही का केलीत?" ते म्हणाले, "गुरुजी, सही कर म्हणाले, केली. वाचता आले असते तर केली असती काय?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. सर्व्हेअरने जाणूनबुजून तसे लिहिले, असे मी म्हणत नाही. घाईत त्याने 'जुने' एवढेच ऐकले असेल. पण बोलणे मराठीत, लिहिणे इंग्रजीत आणि सही न वाचता, अशी रीत असेल तिथे चूक झाली तरी ती पकडणार कोण?

ठरलेली कारणे

वादळाचे दावे नाकारताना किंवा कापताना पुढे येणारी कारणे ठरलेली आहेत. पहिले म्हणजे 'वादळ झाल्याचा पुरावा नाही.' वेधशाळा वीस-पंचवीस मैलांवर आणि वळीव तर एका शिवारात कोसळतो, दुसऱ्यात धूळही ओली करीत नाही. तिथल्या यंत्रावर वाऱ्याची नोंद नाही म्हणून आमच्या गावात वारा सुटला नाही, असे कसे म्हणता येईल? अशा वेळी तलाठ्याचा पंचनामा, ग्रामपंचायतीचे पत्र, खांब पडल्याबद्दल वीज कंपनीकडील नोंद, दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातील बातमीचे कात्रण आणि तारखेसह काढलेली छायाचित्रे हाच पुरावा होय.

दुसरे कारण गळतीचे. वाऱ्याने छप्पर उघडे पडले आणि त्या वाटेने पाऊस आत आला, तर ते वादळाचेच नुकसान ठरते. म्हणून नवे पत्रे घालण्यापूर्वी वाकलेले खिळे, फाटलेले पत्रे, मोडलेले वासे यांची छायाचित्रे काढावीत आणि सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत मोडतोड जपून ठेवावी.

तिसरे कारण कमी विम्याचे. दहा लाखांच्या मालाचा विमा सहा लाखांचाच असेल, तर दोन लाखांच्या नुकसानीवर त्याच प्रमाणात एक लाख वीस हजार धरले जातात. १ एप्रिल २०२१ पासून छोट्या धंद्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही सर्व कंपन्यांची सारखी पॉलिसी आली. एका ठिकाणची मालमत्ता पाच कोटींपर्यंत असलेल्यांसाठी ती आहे. तिच्यात १५ टक्क्यांपर्यंतचा कमी विमा विचारात घेतला जात नाही. आपली पॉलिसी हीच आहे काय, हे बँकेत जाऊन आजच विचारावे आणि तिची प्रत घरी आणून ठेवावी.

सही झाली म्हणजे सारे संपले काय?

नाही. अंतिम पावतीवर सही केली तरी ती दिशाभूल करून, दबाव आणून किंवा फसवून घेतली असेल, तर ग्राहकाला दाद मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये अजमेर सिंग कॉटन मिल्सच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. सर्व्हेअरचा अहवाल हा शेवटचा शब्द नव्हे, असे याच न्यायालयाने २००९ मध्ये प्रदीप कुमार यांच्या प्रकरणात सांगितले. 'तुम्ही व्यापारी, तुम्ही ग्राहक नव्हे' हा आक्षेपही २०२३ मध्ये हरसोलिया मोटर्सच्या निकालाने निकाली निघाला. नुकसानीपासून संरक्षण म्हणून विमा घेणारा व्यापारीही ग्राहकच ठरतो. विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये तर केवळ कागदपत्रे नाहीत म्हणून दावा फेटाळू नये, असे कंपन्यांना बजावले आहे.

मात्र हे सारे दिवसांच्या हिशेबावर चालते. प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. सर्व्हे अहवालाची प्रत आणि नकाराचे किंवा कपातीचे कारण लेखी मागावे. सरकारी विमा कंपनी असेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्जही करता येतो. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जावे. एकट्याच्या मालकीचा धंदा किंवा सूक्ष्म उद्योग असेल, तर तिथे ५० लाखांपर्यंतची भरपाई मागता येते. फी नाही आणि वकीलही लागत नाही. आता वारा काही सीमा पाहून वाहत नाही, पण लोकपाल विभागागणिक वेगळे आहेत. खानापूरच्या दुकानदाराने बंगळूरला, तर चंदगडच्याने आणि पेडणे-डिचोलीच्याने पुण्याला लिहायचे. हा मार्ग नको असेल किंवा मुदत गेली असेल, तर आपल्याच जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. विम्याचा भरलेला हप्ता पाच लाखांपर्यंत असेल, तर तिथेही फी नाही. आमच्या भट्टीवाल्यांचा लोकपालाचा दरवाजा चौदा महिन्यांत बंद झाला होता. ग्राहक आयोगाचा उघडा होता. तक्रार दाखल झाली आहे, निकाल यायचा आहे. वेळेवर कागद वाचला गेला असता तर ही पायपीट टळली असती.

आमची मागणी साधी आहे

इथे काही जण म्हणतील, यात भाषेचा प्रश्न कुठे आला? विम्याचा कागद इंग्रजीतच असणार, शिकलेल्याकडून वाचून घ्यावा. सल्ला वाईट नाही. पण हप्ता घेताना एजंट आमच्या दारात मराठीत बोलतो. मग नुकसान झाल्यावरच कंपनीला मराठी का येत नाही? पॉलिसी देताना वापरले जाणारे कागद परिस्थितीप्रमाणे राज्यघटनेने मान्य केलेल्या भाषांत उपलब्ध करता येतील, असे विमा प्राधिकरणाच्या २००२ च्या नियमांतच लिहिले होते. अर्ज दुसऱ्याने भरला, तर मजकूर समजावून सांगितल्याचा दाखला घेण्याची सोयही त्यांत होती. सीमाभागात तो दाखला बहुधा आणखी एक न वाचलेली सही ठरतो. राज्यघटनेचे ३५० वे कलम तर केंद्राच्या वा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे किंवा प्राधिकरणाकडे, तिथे वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क देते. विमा नियामक प्राधिकरण हे केंद्राचेच आहे. तेव्हा तक्रार मराठीत लिहायला संकोच कशाला?

कन्नड भाषिक शेजाऱ्याशी यात आमचे भांडण नाही. इंग्रजी जबाबावर अंगठा उठविताना तोही आमच्याइतकाच आंधळा असतो. त्याला कन्नडमध्ये आणि आम्हाला मराठीत जबाब वाचून दाखवावा, त्याच भाषेत त्याची प्रत द्यावी आणि मगच सही घ्यावी, एवढीच मागणी आहे. यासाठी कंपनीला दोन पाने जास्त छापावी लागतील, याहून मोठा खर्च नाही.

ती मागणी मान्य होईपर्यंत काही गोष्टी आपल्या हातात आहेत. सर्व्हेअर येईल तेव्हा शिकलेला मुलगा किंवा मुलगी शेजारी उभी करावी. जे सांगितले ते आपण स्वतः मराठीत लिहून, तारीख घालून, त्याची एक प्रत सर्व्हेअरला द्यावी. समजले नसेल तर सहीच्या वर 'मजकूर वाचता आला नाही' असे मराठीत स्पष्ट लिहावे. पैसे कमी वाटले तर 'तक्रार राखून स्वीकारले' असे लिहूनच घ्यावेत. गावोगावी आपली वाचनालये आहेत, युवक मंडळे आहेत, पतसंस्था आहेत. वळिवापूर्वी एका रविवारी दुकानदारांनी आपापल्या पॉलिसी तिथे आणाव्यात आणि कॉलेजात शिकणाऱ्या मुलांनी त्या वाचून, समजावून द्याव्यात. मराठीसाठी आपण मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या. शेजाऱ्याच्या विम्याचा कागद वाचून देणे ही त्याच मराठीची सेवा आहे, आणि ती पुढचा वळीव येण्यापूर्वी करायची आहे.