‘कसली स्ट्राँग आहेस!’

ऑफिसमधली मैत्रीण. वडील गेले आणि चौदाव्या दिवशी ही लॅपटॉपसकट डेस्कवर हजर! कॉफी मशीनपाशी गाठून मी म्हटलं, ‘‘मानलं तुला! कसली स्ट्राँग आहेस गं!’’ ती हसली आणि कप घेऊन गेली. आपण सांत्वन केलं म्हणून मीही खूश.

तीन महिन्यांनी कँटीनमध्ये तिनं सहज ऐकवलं, ‘‘त्या दिवशी मला रडायचं होतं रे. पण तू स्ट्राँग म्हणालास. मग कुठल्या तोंडानं रडणार?’’

बोलती बंद!

तशी ही आपल्या शहराचीच सवय. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. लोक छातीएवढ्या पाण्यातून घरी गेले, पाणी ओसरताच कामाला लागले. आपण ‘मुंबई स्पिरिट’ म्हणून टाळ्या पिटल्या. पण ती रात्र निभावली कशावर? कुणी अनोळखी माणसांना घरात घेतलं, कुणी चहा-बिस्किटं वाटली, कुणी दोर धरून पलीकडे नेलं. टाळ्या चालणाऱ्याला मिळाल्या, दोर धरणारा मात्र विसरला गेला.

मानसशास्त्रही हेच सांगतं. हवाईमधल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी कित्येक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांची आजारपणं अशा अनेक अडचणींत सापडलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं छान सावरली. त्यामागे बरीच कारणं होती, पण एक ठळक होतं : भरवशाचं निदान एक माणूस. आजी, मावशी, शेजारी, शिक्षक, कुणीही.

म्हणजे बॉस, सावरणं हा एकट्यानं खेळायचा गेम नाहीच!

मग करायचं काय? ‘निदान त्यांना त्रास तरी झाला नाही’ हे ‘निदान’वालं वाक्य गिळून टाका. ‘कशी आहेस?’ विचारा आणि उत्तर येईपर्यंत मोबाइल खिशात ठेवा. ‘काही लागलं तर सांग’ म्हणजे मागायचं कामही तिच्याच गळ्यात; त्यापेक्षा नेमकं काहीतरी सुचवा. आणि समोरचा कित्येक दिवस झोपत नसेल, जगण्यावरच वैतागला असेल, तर एकट्यानं हिरोगिरी नको. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास, फुकट आहे. फोन लावताना शेजारी बसा.

मी त्या शनिवारी तिच्याबरोबर बँकेत गेलो. वडिलांचं खातं बंद करायचं होतं. फॉर्म भरता भरता ‘मृत व्यक्तीशी नातं’ या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं. या वेळी मी काहीच बोललो नाही. रुमाल तेवढा पुढे केला.

ती रडली. मनसोक्त. मग डोळे पुसून तिनं रकान्यात लिहिलं : मुलगी.