लेकराचा जबाब आणि कोर्टातील साक्ष

"पोरीने पोलिसांना सांगितलं, मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढंही सांगितलं. आता पुन्हा कोर्टात कशाला?" असे म्हणून आईबाप मुलीला गावी मामाकडे धाडून देतात. शेजारीपाजारीही तोच सल्ला देतात. भगिनींनो, खटला हातचा जातो तो इथेच.

पोलिसांनी घेतलेला जबाब तपासापुरता असतो. त्यावर सही घ्यायलाही कायद्याची मनाई आहे. मॅजिस्ट्रेटपुढचा जबाब (पूर्वीचे कलम १६४, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेचे कलम १८३) वजनदार खरा, पण तोही स्वतंत्र पुरावा नव्हे. मुलाने कोर्टात दिलेल्या साक्षीला त्याचा आधार मिळतो, किंवा साक्ष फिरली तर तो पुढे करून प्रश्न विचारता येतात. नुसत्या त्या कागदावर शिक्षा होत नाही. ज्याच्या शब्दावर माणूस तुरुंगात जाणार, त्याची उलटतपासणी झालीच पाहिजे. उद्या आपल्याच पोरावर खोटी केस झाली, तर हाच नियम त्याला तारील.

मग आईजवळ सांगितलेले वाया जाते काय? नाही. राजस्थानातील एका खटल्यात आठ वर्षांच्या मुलीने, आई घरी आल्यावर, काही तासांतच घडले ते तिला सांगितले होते. शपथेचा अर्थ कळत नाही म्हणून खालच्या कोर्टाने मुलीला शपथ दिली नव्हती. तरीही सर्वोच्च न्यायालयाने १९५१ च्या डिसेंबरात तिची साक्ष ग्राह्य धरली आणि आईजवळचे ते बोलणे साक्षीला पुष्टी देणारे मानले. मात्र ते बोलणे घटनेनंतर लवकरच झालेले हवे.

म्हणून लेकरू काही बोलले, तर चार बाया गोळा करून दहादा वदवून घेऊ नका. 'पढवून आणलेली साक्ष' हा आरोपीच्या वकिलाचा ठरलेला वार असतो. "त्यानं असं केलं का?" असे विचारू नका, "मग काय झालं?" एवढेच विचारा. तिचेच शब्द, दिवस, वेळ वहीत टिपून ठेवा आणि तक्रारीला उशीर लावू नका.

२०१२ च्या पोक्सो कायद्याने जबाब घरी घेता येतो. पोलीस गणवेशात नसावेत, शक्यतो महिला अधिकारी असावी आणि आईबाप किंवा विश्वासाचे माणूस जवळ असावे. मूल जसे बोलले तसेच लिहायचे. तिने 'सूची जागा' म्हटले असताना साहेबांनी 'गुप्तांग' लिहिले, तर तिथल्या तिथे दुरुस्त करायला सांगा. एवढे सांगायला भिडू नका. कोर्टातही मुलाला आरोपी दिसू नये अशी सोय करावी लागते, आणि वकिलाचे प्रश्न न्यायाधीशच मुलाला विचारतात.

कायद्यात साक्ष ३० दिवसांत नोंदवावी असे आहे. प्रत्यक्षात तारखा लांबतात, मूल मोठे होते, घरचेही थकतात. तडजोडीचे निरोप येतात ते याच काळात, आणि ते बहुधा नात्यातल्या माणसाच्या तोंडून. तेव्हा मुलीला गावी ठेवायचेच असेल, तर तिथला पत्ता आणि फोन नंबर तपास अधिकारी व सरकारी वकील दोघांकडे लेखी देऊन ठेवा.