नुसता वजनकाटा पाहू नका

मा. औषध महानियंत्रक, भारत सरकार, तसेच वजन घटवणाऱ्या नव्या औषधांच्या चाचण्या आखणारे संशोधक आणि नैतिकता समित्यांचे सदस्य यांस,



टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आले, वजनासाठीचे सेमाग्लुटाइड त्याच वर्षी जूनमध्ये. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच. म्हणजे ही औषधे मोठ्या शहरांपुरती राहणार नाहीत, आमच्या सिल्लोडसारख्या तालुक्याच्या गावातल्या मेडिकलमध्येही येतील. त्यांच्यामागे आणखी नवी औषधे रांगेत आहेत. त्यांच्या चाचण्यांचे आराखडे तुमच्यासमोर येतील, तेव्हासाठी हे पत्र.

सेमाग्लुटाइडची मोठी चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. १,९६१ जण, ६८ आठवडे, औषध घेणाऱ्यांचे सरासरी १४.९ टक्के वजन उतरले. औषधाला गुण आहे, आणि लठ्ठपणा हा आजार आहे, आळस नव्हे, हेही मी मानतो. पण त्या चाचणीतले चारातले तीन जण गोरे होते. प्रवेशाला बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ३० लागत होता, सोबत दुसरा आजार असेल तर २७. आपल्याकडे धोका त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा बीएमआय अगदी सारखा होता, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! २००४ मध्ये 'लॅन्सेट'ने दोघांचा फोटो या आकड्यांसह छापला. आपण असे आहोत: दिसायला किडकिडीत, आत चरबी जास्त, स्नायू कमी.

आणि याच सेमाग्लुटाइड चाचणीतल्या १४० जणांची अंगरचना तपासली, तेव्हा घटलेल्या वजनातला सुमारे ४० टक्के भाग चरबीचा नव्हता. ज्याच्या अंगात मुळातच स्नायू बेताचे, त्याचे काय होईल? आमच्या तालुक्यात मिरची तोडणाऱ्या बाया भर उन्हात तासन् तास वाकून काम करतात. डब्यात भाकरी आणि ठेचा, डाळ असली तर असली. मळमळ आणि उलट्या ही या औषधांची नेहमीची तक्रार. मे महिन्यात, शेतात, उलट्या होत असताना अंगातले पाणी किती टिकेल? रमजानचे रोजे, नवरात्राचे नऊ दिवस धरले की डोस कसा द्यायचा? याची उत्तरे आपल्याच चाचणीतून यायला हवीत.

औषध थांबले की काय होते, हेही ठाऊक आहे. टिर्झेपटाइडच्या एका चाचणीत ३६ आठवड्यांनंतर ज्यांचे औषध बंद केले, त्यांचे वजन पुढच्या ५२ आठवड्यांत सरासरी १४ टक्के परत वाढले. परत येते ती बहुतेक चरबीच असेल, तर स्नायू गेले ते गेलेच. पैसे संपले म्हणून औषध सोडणारे आमच्याकडे पुष्कळ निघतील.

२०१९ च्या नियमांनुसार चाचणीच्या ठिकाणी स्वतःची नैतिकता समिती नसेल, तर मंजुरी देणारी समिती त्याच शहरात किंवा त्या ठिकाणापासून ५० किलोमीटरच्या आत हवी. देखरेखीसाठी हा नियम योग्यच, पण सिल्लोड छत्रपती संभाजीनगरपासून त्याहून लांब पडते. तेव्हा चाचणी शहरातच होणार हे धरून चालू. निदान खेड्यातल्या माणसांना तीत घ्या, एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी द्या, आणि संमतीपत्र त्यांच्या मराठीत, उर्दूत समजावून सांगा.

पुढच्या चाचणीला परवानगी देताना अटींमध्ये एवढे लिहून घ्या: वजनाबरोबर कमरेचा घेर, स्नायू आणि हाताच्या पकडीचा जोर मोजला जाईल, आणि औषध थांबल्यावरही वर्षभर या माणसांची तपासणी होत राहील.

आपला,
सिल्लोडचा एक नागरिक