संगणकातला संगणक आणि डिस्कवरची जागा

संगणक एक आणि वापरणारे चार, हे चित्र आपल्या बऱ्याच घरांत दिसते. थोरला बीसीएला आहे, त्याला लिनक्स शिकायचे आहे. धाकटीचे शाळेचे प्रोजेक्ट असते. अब्बांच्या उर्दू प्रश्नपत्रिका आणि पत्रके इनपेजच्या जुन्या आवृत्तीत आहेत आणि तिला जुने विंडोजच मानवते. अम्मीने लग्नाचे, उमऱ्याचे फोटो त्याच डिस्कवर ठेवलेले असतात. अशा घराला व्हर्च्युअल मशीन ही मोठी सोय आहे. व्हर्च्युअलबॉक्ससारखा मोफत प्रोग्राम घातला की एका खिडकीत थोरल्याचे उबुंटू चालते, दुसऱ्या खिडकीत अब्बांचे विंडोज एक्सपी, आणि मूळ संगणकाला धक्का लागत नाही.

मग एक दिवस ‘डिस्क भरली’ अशी सूचना येते. घाईघाईने कोणीतरी सर्वांत मोठी फाईल शोधतो आणि पुसून टाकतो. ती फाईल म्हणजेच अब्बांचे अख्खे कपाट असते. व्हर्च्युअल मशीनची पूर्ण डिस्क बाहेरून पाहिले तर एकच फाईल असते, हे ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे.

आधी हिशेब करू. २५६ जीबीची डिस्क विंडोजमध्ये सुमारे २३८ जीबी दिसते. त्यातून मूळ विंडोज, प्रोग्राम आणि फोटो वजा करा. उबुंटूसाठी किमान २५ जीबी जागा ठेवावी असे सांगितले जाते. विंडोज ११ तर ६४ जीबी मागते. एक्सपीला मात्र १० जीबी पुष्कळ होतात. म्हणून एका वेळी किती मशीन ठेवायची, हे ती बनवण्याआधीच घरात बसून ठरवावे. उबुंटूची आयएसओ फाईलच ५-६ जीबीची असते. मशीन उभी राहिली की तिचे काम संपते, पण ती ‘डाउनलोड्स’मध्ये पडून राहते. साफसफाईची सुरुवात तिथून करावी.

मशीन बनवताना डिस्क दोन प्रकारची निवडता येते. ठरावीक मापाची डिस्क पहिल्याच दिवशी सगळी जागा अडवते. वाढत जाणारी डिस्क लागेल तेवढीच जागा घेते, म्हणून घरात बहुधा हीच निवडली जाते. तिचा स्वभाव मात्र समजून घ्यायला हवा. गोणीतले धान्य काढले की गोणी सैल पडते, पण ही फाईल एकदा फुगली की आपोआप कमी होत नाही. आतल्या उबुंटूमध्ये १० जीबीचे व्हिडिओ पुसले तरी बाहेर एक जीबीही मोकळा होत नाही. कारण आत फक्त हजेरीपटातून नाव खोडले गेले आहे, विद्यार्थी बाकावरच बसून आहे.

त्याला बाकावरून उठवण्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली, मशीनच्या आत जाऊन नको असलेले पुसावे आणि कचरापेटी रिकामी करावी. दुसरी, मोकळ्या झालेल्या जागेवर शून्ये लिहावीत. विंडोजमध्ये त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे ‘एसडिलीट’ आहे, लिनक्समध्ये ‘झिरोफ्री’ आहे. झिरोफ्री चालवताना डिस्कच्या त्या भागावर लिहिणे बंद ठेवावे लागते. तिसरी, मशीन पूर्ण बंद करून बाहेरून व्हर्च्युअलबॉक्सच्या ‘व्हीबॉक्समॅनेज’ आज्ञेतील ‘कॉम्पॅक्ट’ हा पर्याय चालवावा. हा पर्याय व्हीडीआय प्रकारच्या फाईलसाठी आहे. शून्ये लिहिताना फाईल आणखी फुगू शकते, म्हणून हे काम डिस्क काठोकाठ भरण्याआधीच करावे. थोरल्याला अभ्यास म्हणूनच हे करायला सांगा.

जागा खाणारी दुसरी गोष्ट म्हणजे स्नॅपशॉट. प्रयोग करण्याआधी मशीनची आजची स्थिती जपून ठेवायला तो उत्तम आहे. पण त्यानंतरचा प्रत्येक बदल वेगळ्या फाईलमध्ये साठत जातो आणि पाच-सहा स्नॅपशॉट झाले की मूळ डिस्कपेक्षा हा पसाराच मोठा होतो. प्रयोग संपला की स्नॅपशॉट काढून टाकावा. काढला म्हणून आजचे काम जात नाही, ते मूळ डिस्कमध्ये मिसळले जाते. मात्र तो व्हर्च्युअलबॉक्सच्या यादीतूनच काढावा. फोल्डरमध्ये जाऊन त्याची फाईल हाताने पुसली तर साखळी तुटते आणि मशीन उघडत नाही. या मिसळण्यालाही तात्पुरती मोकळी जागा लागते. कॉम्पॅक्ट करायचे असेल तर स्नॅपशॉट आधी काढलेले बरे. आणखी एक, स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्कच बिघडली तर दोन्ही एकदम जातात.

रोजची एक सवयही तपासावी. मशीन बंद करताना ‘स्थिती जतन करा’ हा पर्याय घेतला की तिच्या स्मृतीतले सगळे डिस्कवर लिहिले जाते. मशीनला ४ जीबी रॅम दिली असेल तर ही फाईलही काही जीबींची होऊ शकते. काम संपल्यावर मशीन रीतसर ‘शट डाउन’ करावी. मशीन चालू असताना मूळ डिस्क भरलीच, तर व्हर्च्युअलबॉक्स तिला थांबवून सूचना देतो. अशा वेळी तिला जबरदस्तीने बंद करू नये. बाहेर थोडी जागा करून ती पुन्हा चालू करावी.

आता अब्बांच्या कपाटाविषयी. आमचा आग्रह असा की काम मशीनच्या आत ठेवूच नये. ‘शेअर्ड फोल्डर’ची सोय वापरून इनपेजच्या फाईली मूळ संगणकावर ठेवाव्यात आणि महत्त्वाच्या कागदांची पीडीएफही करावी. काम बाहेर असले की मशीन पुसायची वेळ आली तरी फक्त खोके जाते, आतला ऐवज जात नाही. एक्सपीला ८ एप्रिल २०१४ पासून सुरक्षेची दुरुस्ती मिळणे बंद झाले आहे, तेव्हा त्या मशीनचे इंटरनेट बंदच ठेवावे.

क्वचित लागणारी मशीन ‘एक्स्पोर्ट’ करून बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवता येते. ती दाबून लहान केलेल्या स्वरूपात साठते आणि हवी तेव्हा परत आणता येते. पेनड्राइव्ह ‘फॅट ३२’ प्रकारचा असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल जात नाही, तो ‘एक्सफॅट’ करून घ्यावा. त्याआधी त्यावरचे सामान दुसरीकडे हलवावे. मूळ मशीन पुसण्यापूर्वी ही प्रत एकदा उघडून पाहावी.

शेवटी नावाचे. ‘न्यू’, ‘टेस्ट’, ‘टेस्ट २’ अशी नावे ठेवली की सहा महिन्यांनी कोणालाच काही आठवत नाही. ‘अब्बा-इनपेज’, ‘थोरला-उबुंटू-सराव’ अशी नावे द्यावीत, आणि ज्याची मशीन त्याला विचारल्याशिवाय ती कोणी पुसू नये.