मोठ्या जहाजाला रेडिओची सक्ती, मग मासेमारी बोटीचं काय?

२४ मे २०२५ रोजी कोचीपासून सुमारे ३८ सागरी मैलांवर ‘एमएससी एल्सा ३’ हे मालवाहू जहाज एका बाजूला कलंडू लागलं. मदतीचा संदेश मिळताच तटरक्षक दल आणि नौदलाने धाव घेतली. दुसऱ्या दिवशी जहाज बुडालं, पण त्यावरचे सर्व २४ जण वाचले.

भर समुद्रातून असा संदेश पाठवण्यासाठी जहाजावर काय असायला हवं, हे कायद्याने ठरलेलं आहे.

नियम काय सांगतो?

१९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ मध्ये ‘सोलास’ हा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात वेळोवेळी बदल झाले आणि १ फेब्रुवारी १९९९ पासून ‘जीएमडीएसएस’ ही आजची संकट-संदेश यंत्रणा पूर्णपणे लागू झाली. आंतरराष्ट्रीय प्रवास करणारी प्रवासी जहाजं आणि ३०० ग्रॉस टनेज किंवा त्याहून मोठी मालवाहू जहाजं यांना ती बंधनकारक आहे. ग्रॉस टनेज म्हणजे वजन नव्हे, तर जहाजाच्या आकारमानाचं माप.

जहाजावर काय लागतं?

किनाऱ्याला कळवण्याचे किमान दोन स्वतंत्र मार्ग हवेत. एक बंद पडला तरी दुसरा चालला पाहिजे. व्हीएचएफ रेडिओ लागतोच. शिवाय ‘ईपर्ब’ हे उपकरण लागतं. जहाज बुडालं तर ते आपोआप सुटून तरंगतं आणि ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला संदेश पाठवतं. मुख्य वीज गेली तर राखीव वीज हवी. मालवाहू जहाजाच्या रेडिओची दरवर्षी तपासणीही होते.

मग बोटींचं काय?

सोलासच्या या नियमांतून मासेमारी नौका वगळल्या आहेत. त्यांच्यासाठी काय सक्तीचं करायचं, हे प्रत्येक देश ठरवतो. भारतात इस्रोने त्यांच्यासाठी ‘डॅट’ हे उपकरण बनवलं. बटण दाबलं की संदेश उपग्रहामार्फत किनाऱ्यावर पोहोचतो. नव्या आवृत्तीत संदेश मिळाल्याची पोचही बोटीवर येते. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये देशभरातील १ लाख मासेमारी नौकांवर ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ झाला.

पण उपकरण बसवून काम संपत नाही. वादळाच्या रात्री ते चालायला हवं. मोठ्या जहाजांसाठी ही खात्री दरवर्षीची तपासणी करते. बोटींवरच्या उपकरणांचीही तशीच नियमित तपासणी झाली, तरच योजनेचा खरा उपयोग होईल.

समुद्रातल्या संकटाची खबर देण्यासाठी तटरक्षक दलाचा क्रमांक: १५५४.