आधी आपल्या खोलीत, मग जगात

गेल्या वर्षी होस्टेलचा ब्लॉग काढायचं ठरलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "होस्टिंगचे पैसे कोण भरणार?" माझं मत सरळ आहे. आधी पैसे भरूच नका. साइट आपल्याच लॅपटॉपवर उभी करा, मोडा, पुन्हा उभी करा.

वर्डप्रेस २००३ पासून फुकट मिळतं. पण त्यासाठी अपाचे, पीएचपी, मायएसक्यूएल बसवा, व्हर्जनं जुळवा, हे जिकिरीचं काम. एकाच्या लॅपटॉपवर चालायचं, रूममेटच्या नाही. २०१३ मध्ये डॉकर आलं आणि ही कटकट बरीच कमी झाली. वर्डप्रेस एका कंटेनरमध्ये, डेटाबेस दुसऱ्यात. कंटेनर म्हणजे अख्खं व्हर्च्युअल मशीन नव्हे. होस्टेलची इमारत आणि पाण्याची टाकी एक, खोल्या वेगळ्या. तसा लिनक्सचा कर्नल एक, कंटेनर वेगळे. एक कंपोझ फाइल, एक कमांड, की ८०८० पोर्टवर साइट हजर!

पण खरी गोम इथेच आहे. पाच मिनिटांत चालू झालं म्हणजे आपल्याला कळलं असं नाही. मी नेटवरून फाइल उचलली आणि डेटाबेसच्या पत्त्यात 'लोकलहोस्ट' लिहिलं. रात्रभर एकच उत्तर, डेटाबेस सापडत नाही. सापडणार कसा? वर्डप्रेसच्या खोलीत लोकलहोस्ट म्हणजे तीच खोली! शेजारच्या खोलीला तिच्या नावाने, म्हणजे फाइलमधल्या सर्व्हिसच्या नावाने, हाक मारावी लागते.

पुढची चूक महागात पडली. साफसफाई म्हणून 'कंपोझ डाउन'ला 'व्ही' जोडलं. व्ही म्हणजे व्हॉल्यूमही पुसून टाक. कंटेनर कधीही टाकून नवा करता येतो, जपायचा असतो तो व्हॉल्यूम, हे तेव्हा कळलं. मित्रांचे अकरा लेख गेले. बहुतेकांकडे कॉपी होती. एकाने कविता थेट साइटवरच लिहिली होती. "परत तशी नाही जमणार रे," एवढंच तो म्हणाला. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं.

म्हणून सरांना विनंती, लॅबमध्ये एक प्रॅक्टिकल असं ठेवा: साइट उभी करा, डेटाबेसचा डंप आणि फोटोंचं फोल्डर बाजूला काढा, सगळं पुसा आणि परत आणा. मार्क द्यायचे ते परत आणण्याला द्या. उभं काय, कोणीही करतं.