फुप्फुसाचा कर्करोग: किती कापावे?

फुप्फुसाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेचा खरा लाभ होतो तो गाठ लहान असताना आणि रोग छातीच्या मध्यभागातील लसिका ग्रंथींपर्यंत पोचलेला नसताना. १९३३ मध्ये सेंट लुईसला इव्हार्ट्‌स ग्रॅहम यांनी एका रुग्णाचे अख्खे फुप्फुस काढले. तो रुग्ण त्यांच्यामागेही जगला. स्वतः ग्रॅहम १९५७ मध्ये याच रोगाने गेले. पुढे केवळ रोगट खंड काढणे रूढ झाले. त्याहून कमी भाग काढल्यास रोग त्याच जागी अधिक वेळा उलटतो, असे १९९५ च्या चाचणीत दिसले आणि वाद मिटल्यासारखा वाटला. तो मिटला नव्हता. २०२२ च्या जपानी चाचणीत, कडेच्या दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींसाठी खंडाचा केवळ एक भाग म्हणजे उपखंड काढलेल्यांचे पाच वर्षांचे जीवितप्रमाण ९४.३ टक्के, तर खंड काढलेल्यांचे ९१.१ टक्के भरले. रोग जागीच उलटण्याचे प्रमाण मात्र उपखंड गटात जवळपास दुप्पट.

भारतात बहुतेक रुग्ण या निवडीपर्यंत पोचतच नाहीत. क्षयाच्या संशयात महिने जातात, तोवर रोग पसरतो. क्षयाची औषधे घेऊनही खोकला आणि एक्स-रेमधील डाग हटत नसेल, तर सीटी स्कॅन व बायोप्सी लांबवू नये.